मुंबई ते न्यूयॉर्क : साडेबारा हजार किलोमीटरला सोळा तास का लागतात?

अबोली_सातारा

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आईबाबांना अमेरिकेला पाठवायचं आहे. ताई न्यू जर्सीत असते, ऑक्टोबरात तिचं बाळंतपण आहे. आई ६८ वर्षांची, बाबा ७२. दोघांचाही हा पहिलाच विमानप्रवास, आणि तोही एकदम मुंबई ते न्यूयॉर्क. तिकीट अजून काढलेलं नाही, कारण घरात एका हिशेबावर गाडी अडली आहे.

बाबा एसटीत होते. साताऱ्याच्या स्टँडवरून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. अंतर, वेग आणि वेळ यांचा मेळ घालण्यातच त्यांची नोकरी गेली. मी त्यांना थेट विमानाच्या वेळा दाखवल्या: मुंबईहून रात्री १:५० ला सुटणार, न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी ८:२० ला पोचणार. परतीचं फेब्रुवारीत: न्यूयॉर्कहून सकाळी ११:३० ला सुटून दुसऱ्या दिवशी दुपारी १२:२० ला मुंबईत. बाबा म्हणाले, "जाताना साडेसहा तास आणि येताना पंचवीस तास? हे कुठलं वेळापत्रक?" घड्याळांतला फरक समजावल्यावर त्यांनी कागद-पेन घेतलं. जाताना १६ तास, येताना १४ तास २० मिनिटं. मग अंतर विचारलं. मी म्हटलं, साडेबारा हजार किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९००. त्यांनी भागाकार केला आणि म्हणाले, "चौदा तासांना सात मिनिटं कमी. मग वरचे दोन तास कुठे गेले ते मला सांग. आणि रस्ता तोच असेल तर परतीला कमी वेळ का?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यात एका ठिकाणी अंतर १२,५३७ दिसतं, तर भाच्याने नकाशावर सरळ रेघ मारून काढलं ते १४,२०० च्या आसपास आलं. शिवाय थेट जावं की मध्ये उतरून, हा प्रश्न आहेच. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं. बाबांना "वारा असतो" एवढ्यावर गप्प बसवता येत नाही.

नकाशेवेडा

अबोलीताई, बाबांना माझा नमस्कार सांगा. मी पस्तीस वर्षं भूगोल शिकवला. इतका नेमका प्रश्न वर्गात फार कमी वेळा आला.

अंतराचा भाग मी घेतो. तुमच्या भाच्याचा आकडा आणि १२,५३७ हे दोन्ही बरोबर आहेत, पण ते दोन वेगवेगळ्या रस्त्यांचे आहेत. भिंतीवरच्या सपाट नकाशावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टी ठेवून रेघ मारली तर ती ओमान, सौदी, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया, मोरोक्को करत अटलांटिकमध्ये उतरते. पृथ्वीवर त्या रेघेने गेलं तर खरोखरच १४,२०० किलोमीटर होतात. पण पृथ्वी गोल आहे आणि सपाट नकाशा ध्रुवांकडचा भाग ताणून दाखवतो, म्हणून नकाशावरची सरळ रेघ हा जवळचा रस्ता नसतो.

घरी शाळेतला ३० सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल असेल तर बाबांना हे करून बघायला सांगा. शिवणाच्या डब्यातला साधा दोरा घ्या. एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. तो आपोआप उत्तरेकडे सरकेल. मुंबईतून निघताना त्याचं तोंड पश्चिमेला नसतंच, उत्तरेच्या जरासं डावीकडे असतं. सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, मग जवळपास मॉस्कोच्या डोक्यावरून, पुढे फिनलंड आणि स्वीडनच्या मधलं बोथनियाचं आखात, आइसलंडचा दक्षिण भाग, ग्रीनलंडचं अगदी दक्षिण टोक, कॅनडातलं लॅब्राडोर, आणि वरून खाली न्यूयॉर्क. दोरा मोजा, साडेएकोणतीस सेंटिमीटरच्या आसपास भरेल. नकाशावरची रेघ त्याच गोलावर टिपून मोजली तर तेहतीसच्या पुढे जाते. त्या चार सेंटिमीटरचे साधारण सतराशे किलोमीटर होतात.

तेव्हा बाबांनी १२,५३७ हा आकडा धरावा. मात्र विमान त्या दोऱ्यावरून जातं का, हा पुढचा प्रश्न आहे. त्यावर इथले विमानवाले लिहितील.

रात्रपाळी

विमानवाला हजर आहे. उड्डाणाचं नियोजन करणाऱ्या खात्यात मी बावीस वर्षं काढली, बहुतेक रात्रपाळीत. अमेरिकेची विमानं आपल्याकडून जास्त करून रात्रीच सुटतात. बाबांचे दोन तास शोधून देतो.

पहिली गोष्ट, तिकिटावरची वेळ हवेतली नसते. गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते. मुंबईत धावपट्टीच्या तोंडाशी रांग, न्यूयॉर्कला उतरल्यावर गेटपर्यंतचा रस्ता, दोन्ही मिळून अर्धा-पाऊण तास सहज जातो. वर चढताना आणि खाली येताना वेग ९०० नसतो, तेही त्यात धरा.

दुसरी गोष्ट रस्त्याची. नकाशेवेडा सरांचा दोरा ज्या देशांवरून जातो, ते सगळे देश आज प्रत्येक विमानाला जाऊ देत नाहीत. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय विमान कंपन्यांना बंद आहे. २०१९ मध्येही फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत ती बंद होती. अमेरिकी कंपन्यांना २०२२ पासून रशियावरून जाता येत नाही. अफगाणिस्तान २०२१ नंतर बरेच जण टाळू लागले. त्यामुळे मुंबईचं विमान आता अरबी समुद्रावरून ओमानकडे, आखातावरून तुर्कस्तान, मग युरोप, अटलांटिक असं जातं. दिल्लीवाल्यांना ह्या बंदीचा फटका जास्त बसला, कारण त्यांना आधी खाली यावं लागतं. मुंबई मुळातच समुद्रावर असल्यामुळे आपला वळसा तीन-चारशे किलोमीटरवर भागतो. म्हणजे १२,५३७ चे झाले साधारण १२,९००.

तिसरी गोष्ट वारा. बाबांना नुसतं "वारा असतो" चालत नाही, हे योग्यच आहे. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोराचा पट्टा असतो, त्याला जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात तो ताशी २०० किलोमीटरच्याही पुढे जातो. ९०० हा विमानाचा हवेतला वेग. हवाच समोरून येत असेल तर जमिनीवरचा वेग तेवढा घटतो. नियोजन करणारा माणूस जाणाऱ्या विमानाला त्या पट्ट्याच्या बाजूने काढतो आणि येणाऱ्याला त्यात घालतो. अटलांटिकवरचे मार्ग तर वारा बघून रोज नव्याने आखले जातात. स्कॉटलंडकडून शॅनविक आणि कॅनडाकडून गँडर अशी दोन नियंत्रण केंद्रं ते काम करतात. एवढं करूनही जाताना सरासरी पन्नासेक किलोमीटरचा समोरचा वारा धरावाच लागतो.

आता बाबांसाठी भागाकार. जाताना १२,९०० भागिले ८५० म्हणजे सव्वापंधरा तासांच्या आत-बाहेर. त्यात चाळीस-पंचेचाळीस मिनिटं जमिनीवरची. झाले सोळा तास. येताना वारा पाठीशी, १२,९०० भागिले ९५०, साडेतेरा तासांच्या किंचित वर. त्यात तीच पाऊण तासाची भर घाला. सव्वाचौदा ते साडेचौदा.

पाठीचा वारा किती बळ देतो त्याचं एक उदाहरण. ८ फेब्रुवारी २०२० ला अटलांटिकवर वादळ होतं. त्या रात्री न्यूयॉर्कहून निघालेलं एक जंबो विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरलं. एरवी त्या वाटेला साडेसहा तास धरतात.

अबोली_सातारा

सर, काका, तुम्हा दोघांचे किती आभार मानू!

प्रतिसाद छापून बाबांना दिले. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचले. दोऱ्याचा प्रयोग आईच्या डब्यातल्या लाल दोऱ्याने झाला, भाच्याच्या शाळेतून गोल आणला होता. मॉस्कोवर दोरा आला तेव्हा आई म्हणाली, "एवढ्या थंडीतनं कशाला नेतात?"

बाबांचं म्हणणं असं: "म्हणजे हे आपल्या खंबाटकीसारखं आहे. पुण्याहून येणारी गाडी घाट चढून यायची आणि साताऱ्याहून जाणारी बोगद्यातून जायची. अंतर दोन्हीकडून तेवढंच लिहिलेलं, पण मी दोन्ही फेऱ्यांना सारखी वेळ कधीच लावली नाही." आणि रस्ता बंद झाला की वळसा धरून वेळापत्रक बदलायचं, हेही त्यांना लगेच पटलं. पावसाळ्यात वरंधा बंद झाला की महाडच्या गाड्या दुसरीकडून काढाव्या लागत.

हिशेब सुटला. आता मुद्दा थेट जायचं की मध्ये उतरून हा. थेटचं तिकीट दोघांचं मिळून बरंच महाग पडतंय.

एडिसनची_मावशी

अबोली, मी न्यू जर्सीत तेवीस वर्षं आहे. माझे सासूसासरे, आईवडील, आत्या, सगळ्यांना विमानतळावर आणायला गेले आहे. माझं मत स्पष्ट आहे: पहिला प्रवास, सत्तरीच्या आसपास, इंग्रजी बेताचं, तर थेटच. पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचव.

किलोमीटर म्हणशील तर मध्ये उतरल्याने फारसे वाढत नाहीत, हे बाबांना सांग. मुंबई-लंडन ७,२०० आणि लंडन-न्यूयॉर्क साधारण ५,५५०, म्हणजे बेरीज थेटपेक्षा दोनशेने जास्त. दुबईमार्गे चारशेने. पण वेळ जातो तो अंतरात जात नाही. उतरणं, सुरक्षा तपासणी पुन्हा, मोठ्या विमानतळावर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाणं, आणि चार तास खुर्चीत बसणं. सोळाचे बावीस-तेवीस तास होतात. जोडविमान चुकलं तर पुढचं त्याच दिवशी मिळेलच असं नाही.

थेट विमानातही व्हीलचेअर नक्की सांगून ठेव. चालता येतं म्हणून माणसं नको म्हणतात. ती चालण्यासाठी कमी आणि सोबतीसाठी जास्त लागते. मदतनीस इमिग्रेशनच्या रांगेतून, सामानाच्या पट्ट्यापासून थेट बाहेर माझ्यासारखीपर्यंत आणून सोडतो.

अबूधाबीमार्गे आलात तर एक सोय आहे. अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच होतं, न्यूयॉर्कला उतरल्यावर रांग नाही. पण ते सगळं परक्या विमानतळावर, मध्यरात्री-पहाटे, दोघांनी एकट्याने करायचं. माझ्या आईला तिथे फार गोंधळायला झालं होतं.

हिरवा_चाफा

मावशींचा मान राखून थोडं वेगळं लिहिते. माझ्या वडिलांचे गुडघे वाईट आहेत. थेट विमानात सोळा तास बसून त्यांचे पाय इतके सुजले की चपला चढेनात. पुढच्या खेपेला फ्रँकफर्टमार्गे आणलं, मध्ये पाच तासांचा थांबा. तिथे ते दोन तास आडवे झाले, तोंड धुतलं, गरम काहीतरी खाल्लं. पोचले तेव्हा चेहरा ताजा होता. तेव्हा सगळ्यांना एकच माप लावू नये. मात्र तेव्हा माझा भाऊ बरोबर होता, हे प्रामाणिकपणे सांगते. दोघंच असते तर मीही थेटच म्हटलं असतं.

आणि कनेक्शन घेतलंच तर ते एकाच तिकिटावर घ्या. स्वस्त मिळतात म्हणून दोन वेगळी तिकिटं काढू नका. आमच्या शेजाऱ्यांचं पहिलं विमान तीन तास उशिरा पोचलं, दुसऱ्या कंपनीने हात वर केले, आणि नवीन तिकीट जागेवर विकत घ्यावं लागलं.

डॉ_गुलबक्षी

दोन्ही बाजूंचं वाचलं. वैद्यकीय अंगाने थोडं लिहिते.

थेट विमानाचा खरा त्रास बसून राहण्याचा असतो. पायातल्या शिरांमध्ये रक्त साकळण्याची भीती लांबच्या प्रवासात वाढते. दर दोन तासांनी उठून शेवटापर्यंत एक चक्कर, बसल्या जागी पावलं वरखाली, आणि घोटघोट पाणी. रात्रीचं विमान म्हणून झोपेची गोळी घेऊन निजू नये, माणूस हलतच नाही. पायाला घट्ट मोजे घालायचे का, हे त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारा, प्रत्येकाला ते चालत नाहीत.

विमानातली हवा फार कोरडी असते. आतला दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तसा ठेवतात. म्हणजे तुमच्या महाबळेश्वरपेक्षाही वर बसल्यासारखं. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी तपासून घेतलेलं बरं.

गोळ्यांचा गोंधळ सर्वांत जास्त होतो. पश्चिमेला जाताना तो दिवस साडेतेहतीस तासांचा होतो, म्हणजे चोवीस अधिक साडेनऊ. रक्तदाबाची रोजची एक गोळी "सकाळी घ्यायची" म्हणून भारतात सकाळी घेतली आणि दुसरी तिकडच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, तर मध्ये मोठी फट पडते. परतीला उलटं, फेब्रुवारीत फरक साडेदहा तासांचा असतो, म्हणजे तो दिवस साडेतेरा तासांचाच, आणि गोळ्या जवळजवळ पडतात. सोपा उपाय म्हणजे बाबांनी मनगटावरचं घड्याळ पोचेपर्यंत भारताच्याच वेळेवर ठेवायचं आणि गोळी त्याप्रमाणे घ्यायची. तिथे पोचल्यावर वेळ हळूहळू सरकवायची. इन्शुलिन असेल तर मात्र डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, अंदाजाने करू नका. सगळी औषधं मूळ पाकिटांत, चिठ्ठीसकट, हातातल्या पिशवीत. मोठ्या बॅगेत एकही गोळी नको.

अबोली_सातारा

डॉक्टर, बाबांना रक्तदाबाची गोळी आहे, आईला थायरॉइडची. घड्याळाचं फारच पटलं. बाबांचं जुनं चावीचं घड्याळ आहे, ते भारताच्या वेळेवर राहील. आईच्या मोबाइलमध्ये तिथली वेळ आपोआप येईल.

पण फेब्रुवारीत साडेदहा आणि सप्टेंबरात साडेनऊ, हे कसं?

नकाशेवेडा

अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे आणतात. आपण वर्षभर तिथेच असतो. म्हणून फरक उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा.

बाबांच्या वेळापत्रकाचा ताळा: जाताना १:५० ते ८:२० म्हणजे साडेसहा, अधिक साडेनऊ, सोळा. येताना ११:३० ते दुसऱ्या दिवशी १२:२० म्हणजे २४ तास ५० मिनिटं, उणे साडेदहा, १४ तास २० मिनिटं. बरोबर जुळतं.

अजून एक सांगतो, आईंसाठी. साठ अंश अक्षांशावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी साधारण ८३५ किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरत असतो. त्यांचं विमान स्कॉटलंडच्या पुढे त्याच पट्ट्यात, जवळपास त्याच वेगाने पश्चिमेकडे जाईल. म्हणजे सूर्य मागून येतोय आणि विमान पुढे पळतंय, दोघांतलं अंतर तसंच. सप्टेंबरअखेरीस, ह्या वेळेच्या विमानाला, पहाट फुटायला लागली की ती तीन-चार तास फुटतच राहील असं माझं गणित सांगतं. उजवीकडची, पंखाच्या मागची खिडकी घ्या.

जुना_प्रवासी

हा धागा वाचताना मन मागे गेलं. मी १९७४ साली गेलो, शिकायला. तेव्हा थेट वगैरे नव्हतं. वाटेत तीन थांबे, लंडनला सगळ्यांना उतरवून विमान साफ केलं. दाराशी दाराचा प्रवास दीड दिवसाचा झाला. पोचल्याचं पत्र घरी अकरा दिवसांनी मिळालं आणि तोवर आईने एकादशीसारखे उपास धरले होते.

एअर इंडियाचं पहिलं परदेशी विमान ८ जून १९४८ ला मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. न्यूयॉर्क त्यांनी गाठलं १९६० मध्ये, बोइंग ७०७ आल्यावर. मुंबई-न्यूयॉर्क हे थेट अंतर एका इंधनात कापणारी विमानं फार नंतरची.

आणि आपल्या आनंदीबाई जोशी! एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. जवळजवळ दोन महिने. वय अठरा, नवरा बरोबर नाही, साडीत. बंदरावर पत्रांतून ओळख झालेल्या कार्पेंटरबाई न्यायला आल्या होत्या. अबोली, तुझ्या आईला हे जरूर सांग. तिला न्यायला तर पोटची मुलगी येणार आहे.

रात्रपाळी

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. थेट विमान म्हणजे हमखास थेट असंही नाही. असं मोठं विमान तासाला सात-आठ टन इंधन पितं. सोळा तासांचं इंधन उचलायचं तर तेवढंच वजन घेऊन उडावं लागतं आणि ते वजन वाहायलाही इंधन लागतं. हिवाळ्यात समोरचा वारा फारच असेल किंवा एखादा देश अचानक हद्द बंद करेल, तर वाटेत युरोपात इंधनाला थांबावं लागतं. वैमानिकांच्या कामाच्या तासांनाही मर्यादा असते. एवढ्या लांबच्या विमानात चार वैमानिक असतात, पाळीपाळीने विश्रांती घेतात, तरी थांबा लांबला तर पाळी संपते. तसं झालं तर घाबरू नये, विमानात बसूनच इंधन भरलं जातं बहुधा. हातातल्या पिशवीत एक दिवसाच्या जादा गोळ्या आणि दशम्या-चटणी असू द्या. मार्ग महिन्यामहिन्याला बदलतात, तेव्हा निघायच्या आठवड्यात वेळ पुन्हा तपासा.

कृष्णाकाठ

सगळ्यांनी मोठमोठं लिहिलंय, मी छोटंसं पण फार महत्त्वाचं लिहितो. १:५० ची तारीख नीट बघा! तिकिटावर २५ तारीख असेल तर विमानतळावर २४ ला रात्री साडेनऊ-दहाला पोचायचं आहे. माझे मामामामी २५ ला दिवसभर बॅगा भरून रात्री विमानतळावर गेले. विमान आदल्या रात्रीच गेलेलं. मामी तिथेच बाकावर बसून रडली. साताऱ्याहून निघायचं म्हणजे दुपारी बारालाच निघा. द्रुतगती मार्गाचा भरवसा नाही.

अबोली_सातारा

कृष्णाकाठ दादा, तुमचा प्रतिसाद वाचून भिंतीवरच्या कॅलेंडरात २४ वर लाल गोल केला. थेटचंच तिकीट काढलंय, दोघांना व्हीलचेअर, उजवीकडच्या खिडकीसकट. मंडळी, मनापासून आभार. पोचले की लिहीन.

अबोली_सातारा

पोचले! चार दिवस झाले, पण ताईला लवकर दवाखान्यात न्यावं लागलं म्हणून उशीर झाला. मुलगी झाली, दोघी छान आहेत.

आता प्रवासाचं. बाबांनी एसटीच्या वेबिलासारखी (वाहकाच्या हिशेबपत्रकासारखी) वही केली होती. रकाने पट्टीने आखलेले: भारतीय वेळ, समोरच्या पडद्यावरचा वेग, उंची, बाहेरचं तापमान, खालचं गाव. दर तासाला नोंद. ताईने फोटो पाठवले. काही ओळी जशाच्या तशा देते.

"२:३१ सुटले. ४१ मि. लेट." "३:३० वेग ८८१. खाली समुद्र. नंतर मस्कतचे दिवे." "७:३० वेग ८३८. तुर्कस्तान. सौ. झोपली आहे. गोळी घेतली." "८:३० काळा समुद्र. बाहेर उणे ५६." "१२:३० वेग ८२९. वारा समोरून ७४. खाली काही नाही, फक्त पाणी." शेवटची ओळ: "१७:५९ गेटला लागले. म्हणजे इथे ८:२९. सुटताना ४१ लेट, पोचताना ९ लेट. ३२ मि. भरून काढली. ड्रायव्हर चांगला."

रात्रपाळी काका, सुटल्यापासून १५ तास २८ मिनिटं. तुमच्या हिशेबात जमिनीवरचा जो पाऊण तास होता, त्यातला काही वाचला असावा असं बाबांचं मत आहे. खरं का?

नकाशेवेडा सर, तुमची पहाट आईला दिसली. तिला शब्दांत नीट सांगता येईना. फोनवर म्हणाली, "खिडकीत खालून एक नारिंगी काठ होता, इरकली लुगड्याला असतो तसा. मी जप केला, चहा घेतला, पुन्हा डुलकी काढली, तरी काठ तेवढाच." बाबांच्या वहीत त्या वेळेच्या चार ओळींत शेवटच्या रकान्यात नुसतं "पहाट" लिहिलंय, चारदा.

नकाशेवेडा

अबोलीताई, बाळाचं आणि सगळ्यांचं अभिनंदन. त्या चार ओळींचा फोटो मला हवा आहे. मी वर्गात कायम फळ्यावर आकृती काढून हे सांगत आलो. असं पाहिलेलं, वेळेनिशी लिहून ठेवलेलं, माझ्याकडे नव्हतं.

रात्रपाळी

अभिनंदन! बाबांचं मत बरोबर आहे. वेळापत्रकात रांगेसाठी मोकळी मिनिटं ठेवलेली असतात, रांग नसली की ती परत मिळतात. उशिरा सुटलेलं विमान असंच वेळेवर येतं. नियंत्रकाला हे माझ्याकडून सांगायला हवं असं नाही.

त्यांनी परतीची वही मात्र जरूर भरावी. फेब्रुवारीत पाठीच्या वाऱ्याने वेगाचा आकडा हजाराच्या वर गेलेला त्यांना दिसेल.

अबोली_सातारा

फोटो व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, सर. काका, तुमचा निरोप आत्ताच फोनवर वाचून दाखवला. बाबा म्हणाले, परतीचं पान आखून झालंय. वेगाचा रकाना तीन आकड्यांपुरता केला होता, तो आता रबराने पुसून रुंद करताहेत.